संत इसिदोराचं तोंड

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी भित्रा नाही, मला फक्त भीती वाटते. या दोन्हींत फरक आहे, असं मी बावीस वर्षं वृषालीला, म्हणजे माझ्या बायकोला, समजावतोय. ती म्हणते, "बरं." तिच्या 'बरं'चीसुद्धा मला थोडी भीती वाटते.

तर संत इसिदोर. हे शेतकऱ्यांचे संत. स्पेन देशातले, नऊशे वर्षांपूर्वीचे. स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात नांगर धरला. प्रार्थनेत वेळ गेला की यांच्या बदली देवदूत नांगर हाकायचे, आणि ते मालकानं डोळ्यांनी पाहिलं, अशी कथा आहे. आमच्या चर्चमधली निम्मी माणसं दुसऱ्याच्या उसात राबणारी, त्यामुळं हा संत आम्हाला घरातला वाटतो. पंधरा मेला त्यांचा सण. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोज संध्याकाळची प्रार्थना, सणाच्या दिवशी सकाळी मोठी मिस्सा, म्हणजे वेदीपुढची उपासना, आणि त्या मिस्सेत प्रत्येकानं आपलं बियाणं, मूठभर माती, विळा, खुरपं वेदीपुढं ठेवायचं. फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात.

यंदा अडचण अशी झाली की संतांच्या जुन्या चित्राला वाळवी लागली. वाळवीनं संत खाल्ले आणि बैल तेवढे ठेवले. फादर जोव्हिटो म्हणाले, "नवीन चित्र कोण करून आणेल?" कमिटीतले सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले. मी मोबाइल घरी विसरलो होतो.

"व्वा, लाझरस पाटोळे!" फादर म्हणाले. "माझ्याकडे थेट बघणारा एक तरी माणूस आहे."

आता दुसरी गोष्ट, रस्त्याची. आमचं चर्च कोऱ्हाळे बुद्रुकच्या अलीकडं, उसाच्या मधोमध. तिथं जायचा रस्ता सर्जेराव आबांच्या बांधावरून जातो. जातो म्हणजे, पाय त्यावरून जातात. सरकारी नकाशात तो नाहीच. सहा वर्षांपूर्वी मी स्वतः अर्जदार म्हणून तहसिलात अर्ज केला. मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे, त्यामुळं अर्ज कसा फिरतो ते मला आतून माहीत होतं. पण माझाच अर्ज माझ्यापेक्षा जास्त फिरेल असं वाटलं नव्हतं. प्रत्येक वेळी एकच शेरा: 'जमीनमालकाची लेखी संमती जोडावी.'

आणि ही संमती मागायची सर्जेराव आबांकडं! या गृहस्थांनी एकदा वीज गेली म्हणून वायरमनला शिडी काढून घेऊन दीड तास खांबावर बसवून ठेवला होता. खालच्या वस्तीवरच्या कुणीतरी त्यांच्याबद्दल पारावर काहीतरी बोललं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वस्तीचा रस्ता नांगरलेला. ती माणसं आजही उसातनं वाकून घरी जातात. त्यामुळं आम्ही आबांच्या बांधावरून जाताना स्तोत्रंसुद्धा मनात म्हणायचो. आबांचं मन बिघडलं की चर्चचा रस्ता संपला, हे आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत होतं.

तर मी इंदापूरला गेलो. एसटी स्टँडजवळ बिरदेव पेंटर. ट्रॉलीवरची नावं, दुकानांचे बोर्ड, आणि वर्षश्राद्धाला लावायची ऑइलपेंटमधली माणसं, ही त्याची कामं. भिंतीला टेकून सात-आठ वारलेले म्हातारे वाळत उभे होते.

"फोटू?" त्यानं हात पुढं केला.

"फोटो नाही. संत आहेत."

"कवा वारलं?"

"अकराशे तीस साली."

"मग घरच्यांकडं आसंल की एखादा. आधार कार्डावरचा बी चालतोय."

मी खिशातनं प्रार्थनेचं छोटं कार्ड काढलं. त्यावर संत होते, पण चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा. बिरदेवनं चष्मा वर केला, खाली केला. "ह्येच्यात नाक कुठनं सुरू हुतंय?"

"अंदाजानं काढा की."

"सायेब, मी मनानं तोंड काढत न्हाय. मनानं काढलं की समदी माझ्या मेव्हण्यावाणी दिसत्यात. आन त्येचं माझं पटत न्हाय."

साडेपाचची गाडी चुकत होती. मला गाडी चुकायची फार भीती वाटते. मी म्हटलं, "अहो, कुठल्याही शेतकऱ्याला बघून काढा. दाढी-मिशी पाहिजे, बैल पाहिजेत, बास." हे वाक्य मी बोललो. कबूल करतो. आणि हे बोलताना माझ्या पाठीमागच्या भिंतीवर खताच्या दुकानाचं एक कॅलेंडर लटकत होतं, त्याच्याकडं मी वळून पाहिलं नाही. तेही कबूल.

पाच मेला चित्र आणायला गेलो. बिरदेवनं ते पांढऱ्या चादरीत गुंडाळून, सुतळीनं बांधून तयार ठेवलं होतं. "वार्निश वलं हाय. घरला जाईस्तोवर उघडू नगा." मी आज्ञाधारक माणूस. तसंच उचललं आणि बारामतीची एसटी पकडली.

कंडक्टर म्हणाला, "ह्ये काय हाय? मयताचं सामान गाडीत चालत न्हाय."

"धार्मिक चित्र आहे."

"धार्मिक आसू द्या न्हायतर कसं बी आसू द्या, सीटवर न्हाय ठिवायचं. मांडीवर घ्या."

नऊशे वर्षांचे संत मांडीवर घेऊन मी बसलो. पुढं एका स्पीडब्रेकरवर गाडी अशी उडाली की सुतळी निसटली, चादर घसरली, आणि शेजारी बसलेल्या म्हातारीनं किंकाळी फोडली. म्हातारी होती कोऱ्हाळ्याची धोंडाबाई.

"आगं बया! सर्जेराव आबा!"

मी खाली पाहिलं. मांडीवर सर्जेराव आबा होते. त्या गलमिशा, डाव्या भुवईवरची ती चामखीळ, आणि बघणाऱ्याचं काहीतरी चुकलंय अशी ती नजर. अंगात संतांचा झगा, डोक्यामागं पिवळं तेजोवलय, शेजारी त्यांचीच खिलारी बैलजोडी. खताच्या दुकानानं विक्रमी ऊस काढणाऱ्या शेतकऱ्याचा म्हणून जो फोटो कॅलेंडरवर छापला होता, तो आबांचा होता.

"कालच दवाखान्यात न्हेलं म्हणत हुतं," धोंडाबाईनं पदर डोळ्याला लावला. "मुतखडा म्हणलं, मुतखडा. आन ह्यो फोटू बी काढून झाला? कवा गेलं वं?"

"नाही हो मावशी! ते नाहीत हे! हे संत आहेत."

"व्हय बाबा. आता संतच म्हणायचं. गेल्या माणसाला कशाला नावं ठिवायची?"

गाडीतल्या मागच्या चौघांनी उभं राहून हात जोडले. कंडक्टरनं टोपी काढली.

घरी आलो. वृषालीनं चित्र बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाली, "तुम्ही सरळ जाऊन त्यांना सांगा." बायकांना सरळ जाणं फार सोपं वाटतं. मी फादरांकडं गेलो. फादर वसईचे, इथं येऊन चार महिने झालेले, त्यांनी सर्जेराव आबांना कधी पाहिलेलं नाही. चित्र बघून त्यांचे डोळे भरून आले.

"लाझरस, किती जिवंत चेहरा आहे!"

"फादर, अडचण तीच आहे."

मी सगळं सांगितलं. फादरांनी ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "प्रत्येक शेतकऱ्यात संत इसिदोर दिसले पाहिजेत. हेच तर या सणाचं सार आहे. मी उपदेशात घेतो."

"घेऊ नका, फादर!"

सहा मेला नोव्हेना सुरू झाली. चित्र वेदीच्या उजव्या बाजूला उभं केलं, पुढं सहा मेणबत्त्या. तिथवर मी दम धरला. पण मग छबूबाई आल्या. चर्चमधली फुलांची सेवा त्यांच्याकडं. इतर दिवशी त्या आबांच्याच उसात खुरपायला जातात. त्यांनी झेंडूचा दाट हार काढला आणि चित्राला घातला.

आता तुम्हीच सांगा. चालत्या-बोलत्या माणसाच्या तसबिरीला हार! आपल्याकडं पोरानं चेष्टेत जरी घातला तरी आजी त्याच्या पाठीत धपाटा घालते. मी धावत गेलो. "छबूबाई, हार काढा. आबा अजून जिवंत आहेत!"

"मी संताला घातलाय," त्या म्हणाल्या. मग चित्राकडं बघत हळूच, "आन कसं गप बसल्यात बगा की. सतरा वर्सं वावरात काम करते, येक दीस आसं गप बसलं न्हाईत. मी रोज घालनार."

दुसऱ्या दिवशी बातमी आली, आबांना ऑपरेशननंतर ताप चढला. तिसऱ्या दिवशी ताप हटेना. चौथ्या दिवशी मी गुपचूप लवकर जाऊन हार काढला. छबूबाईंनी येऊन दोन घातले. पाचव्या दिवशी कळलं, पुण्याला हलवायचं म्हणतायत. मी हिशेब मांडला: जसजसे हार वाढतायत, तसतसा ताप वाढतोय. वृषाली म्हणाली, हा योगायोग आहे. पण कोर्टात योगायोग चालतो का? मुळात माणूस मारायचा हा कुठला प्रकार म्हणायचा? नऊ दिवस, साठ माणसं, सामुदायिक, तालासुरात!

फादर म्हणायचे, "संत इसिदोरा," आणि सगळे म्हणायचे, "आमच्यासाठी विनंती कर." मी एकटा खालच्या आवाजात म्हणायचो, "त्यांच्यासाठी विनंती कर." डोळे उघडले की समोर तेच. म्हणजे मी सर्जेराव आबांनाच सर्जेराव आबांसाठी रदबदली करायला सांगत होतो, आणि त्यांची नजर म्हणत होती, आधी तुझं बघतो.

ढोलकी वाजवणारे आमचे अप्पा, एसटीचे रिटायर ड्रायव्हर. ते म्हणाले, "पाटोळे, आबा गेलं तर पोरं रस्ता नांगरणार. न्हाई गेलं तर आबा सोता नांगरणार. मधी काय शिल्लक ऱ्हातंय का बगा." मी बघितलं. मध्ये एकच गोष्ट शिल्लक राहत होती. तोंड बदलायचं.

चौदा मेला सकाळी बिरदेवला चर्चमध्ये बोलावून घेतला. एसटीनं आला, डबे मांडले आणि टर्पेंटाइनच्या बोळ्यानं दोन मिनिटांत सर्जेराव आबांना पुसून काढलं. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीत मोकळी हवा गेली.

"आता कुणाचं काडू?"

"जिवंत माणसाचं नको. एवढंच."

"मग मेलेल्याचा फोटू द्या."

"देतो," म्हणालो, तेवढ्यात फोन वाजला. आबांची सून, मोना.

"पाटोळे काका, आबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता."

"ताप...?"

"आत्ता दहा मिनिटांपूर्वी उतरला. एकदम. डॉक्टरांनाही नवल वाटतंय."

दहा मिनिटांपूर्वी! म्हणजे बिरदेवनं बोळा फिरवला तेव्हाच. "बिरदेव, मी फोटो घेऊन येतोच," असं म्हणून मी बारामतीला निघालो. वाटेत स्कूटर दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा बरं वाटलं.

दवाखान्यात आबा उशीला टेकून बसले होते. मोना मोसंबी सोलत होती. तिनं मला स्टूल दिलं. मी त्याच्या कडेवर बसलो, पळायला सोपं जावं म्हणून.

"पाटोळे," आबा म्हणाले, "नऊ दिवसांत चाळीस मानसं दुखवट्याला आली माझ्या घरी. मी हितं कॉटवर, आन तितं मानसं रडत्यात. मोनानं चाळीसदा चा केला."

"एक्केचाळीस," मोना म्हणाली.

"माझा फोटू लावलाय म्हणं तुमच्या देवळात."

"तो... म्हणजे... संत आहेत, आबा."

"हार?"

"...होय."

"येक?"

"आधी एक."

"मेनबत्त्या?"

"सहा."

मी मनात शेवटची प्रार्थना सुरू केली. मग आबांनी सावकाश मिशीवरनं हात फिरवला.

"धोंडाबाई काय म्हणली ठावं हाय का? म्हणली, डोक्यामागं सूर्य उगावल्यावाणी उजेड काडलाय. खरं का?"

"खरं."

"आन पोरीबाळी गानं म्हनत्यात पुढं?"

"तालासुरात."

"कारखान्यात तीस वर्सं घातली, येका हरामखोरानं माझा फोटू लावला न्हाय." आबांचा आवाज चक्क ओला झाला. "उद्या सकाळी डिस्चार घेतो आन थेट तितंच येतो. समदी भावकी घिऊन. मला बगायचंय. आन आयका, पाटोळे..." त्यांनी बोट वर केलं. "त्या फोटूला कुनी हात लावला, तर मी बी नांगराला हात लावीन."

मी किती वेगानं परत आलो ते मला आठवत नाही. बिरदेव फोन उचलत नव्हता. चर्चमध्ये शिरलो तर तो गेलेला. चित्रावर चादर. मी चादर वर केली.

तेजोवलयात मी होतो.

माझं नाक, माझे कान, माझं अर्धवट टक्कल. दाढी होती, पण त्या दाढीतसुद्धा मी घाबरलेला दिसत होतो. शेवटी पाचव्यांदा फोन लागला.

"बिरदेव! हे काय केलंत? मी म्हटलं होतं ना, जिवंत माणूस नको!"

"तुमी येईनासा झाला. माझी दोनची गाडी हुती. सकाळधरनं तुमचंच तोंड डोळ्यांपुढं हुतं, मग काडलं. आन सायेब, सकाळी तुमी ज्या रंगाचं झाला हुता ना, मला वाटलं चालतंय."

बदलायला वेळ नव्हता. संध्याकाळच्या नोव्हेनेला रंग ओला म्हणून चादर तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी नऊला मिस्सा. वृषाली म्हणाली, "मुळीच जाऊ नका." पण मिस्सेतली बायबलची वाचनं माझ्याकडं होती, आणि वाचक आला नाही तर फादर काय म्हणतील, याचीही मला भीती वाटत होती.

आबा आले. दोन जीप भरून माणसं, सगळ्यांना फेटे. पहिल्या दोन बाकांवर बसले. घंटा झाली, सगळे उभे राहिले, आणि फादरांनी चादर ओढली.

अप्पांची ढोलकी मधेच थांबली. छबूबाई ठरल्याप्रमाणे हार घेऊन पुढं आल्या, चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि कुठलाही भेदभाव न करता हार घातला. आबांनी चित्राकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग चित्राकडं. मी पहिलं वाचन वाचलं. काय वाचलं ते विचारू नका.

बियाणं आणि अवजारं अर्पण करायची वेळ आली. रांग लागली, आणि रांगेत आबाही उभे राहिले, हातात लखलखीत विळा. मी वेदीजवळ पाण्याचं भांडं धरून उभा. ते एकेक पाऊल पुढं येत होते. माझ्या हातातलं पवित्र पाणी फादरांच्या आधी मीच शिंपडायला लागलो होतो. आबा आले, माझ्यासमोर थांबले, एकवार नखानं विळ्याची धार बघितली आणि तो वेदीपुढं ठेवून दिला.

मिस्सा संपली. आबा सरळ माझ्याकडं आले आणि माझ्या बाजूनं पुढं निघून गेले. वृषालीसमोर उभे राहिले. फेटा काढला.

"वयनी, वाईट झालं."

वृषालीनं पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. "चालायचंच, आबा," ती कशीबशी म्हणाली.

"आबा," मी मागनं म्हटलं, "मी इथं आहे."

आबांनी मान वळवली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, "पाटोळे लई सरळ मानूस. मला हार घातला, चाळीस मानसं रडवली, आन रातीत माझं तोंड पुसून सोताचं लावलं. अशा मानसाची आठवन ऱ्हायाला पायजे का नको? मी ह्यो रस्ता देतो. लेखी. स्टँप करून. पर पाटोळ्यांच्या स्मरनार्थ. हितं तोंडाशी तसा बोर्ड लागंल. ज्या दिवशी बोर्ड निघंल, त्या दिवशी नांगर फिरंल."

अख्ख्या चर्चनं टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा रस्ता मिळत होता. मी तोंड उघडलं, तर अप्पांनी माझं कोपर दाबलं. "पाटोळे, गप. येका मानसानं चर्चसाठी येवढं बी करू न्हाय?"

फादरांकडं मी मोठ्या आशेनं पाहिलं. आबांनी तिथंच लिहून दिलेला बोर्डाचा मजकूर त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि एकच हरकत घेतली. "'कै.' नको. आपल्याकडं 'ख्रिस्तवासी' लिहितात."

बोर्ड बिरदेवनंच रंगवला. 'ख्रिस्तवासी लाझरस पाटोळे स्मृतिमार्ग.' खाली बारीक अक्षरात आबांचं नाव, आणि ते बारीक अक्षर माझ्या नावाच्या दुप्पट. मी रोज ऑफिसला जाताना मुद्दाम लांबून जातो. चित्र अजून वेदीशेजारी आहे, छबूबाई रविवारी हार घालतात, आणि सोमवारी मी बी.पी. तपासून घेतो.

मागच्या महिन्यात तलाठी कार्यालयातनं निरोप आला: संमतीपत्र मिळाले, रस्त्याची नोंद करायची आहे, अर्जदारास पाठवावे. मी वृषालीला बरोबर घेऊन गेलो, अशा ठिकाणी एकट्याला भीती वाटते म्हणून. तलाठ्यांनी फाइल उघडली.

"अर्जदार कोण?"

"मी. लाझरस पाटोळे."

त्यांनी एक कागद वर काढला, वाचला आणि माझ्याकडं सहानुभूतीनं पाहिलं. "अर्जदार मयत आहे. स्थळपाहणीत बोर्ड आढळला. पाच पंचांच्या सह्या आहेत."

"अहो, पण मी समोर उभा आहे!"

"तुमचं म्हणणं वेगळ्या अर्जात द्या. पण मग ही पाहणी रद्द होईल, बोर्ड काढावा लागेल, संमतीपत्र त्या बोर्डावर अवलंबून आहे..." त्यांनी फाइल मिटायला घेतली. "नाहीतर वारस सही करू शकतो. कोणी वारस आहे का?"

मी वृषालीकडं पाहिलं. तिनं पर्समधनं पेन काढलं, खुर्ची पुढं ओढली आणि तीन ठिकाणी ठसठशीत सह्या केल्या. मग मान वर करून तिनं तलाठ्यांना विचारलं,

"अजून कुठं हवी का?"